मऊ केलेलं वाक्य

ऑक्टोबर लागला की इचिकावातल्या गल्ल्यांमधून किनमोकुसेईचा वास सुटतो. कुंपणाशी उभी असलेली ही साधी झाडं, अकरा महिने त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग एका सकाळी बारीक नारिंगी फुलं फुटतात आणि सगळी गल्ली मुरंब्याची बरणी उघडल्यासारखी गोड होऊन जाते. शेजारच्या बायका कचऱ्याच्या पिशव्या हातात धरून थांबतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "आला बाई शरद!" मी माझी पिशवी कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली ठेवते आणि घरी येते.

मला हा ऋतू आवडत नाही. इथे जपानात ऋतूंनाही रिकामं बसू देत नाहीत, काहीतरी काम लावून देतात. शरदाच्या वाट्याला तर तीन कामं आलीत: वाचनाचा शरद, खाण्याचा शरद आणि खेळाचा शरद. स्टेशनवर तशा पाट्या लागतात. खेळाचा शरद म्हटलं की मला एका कारखान्याचं जिम दिसतं आणि त्यात कडेला उभी असलेली मी दिसते. तिशीची, इस्त्रीच्या कपड्यातली, फ्रेंच आणि जपानी दोन्ही येतात म्हणून मान जरा वर धरलेली, आणि आतून पक्की भित्री. त्या बाईबद्दल मला आजवर कधी माया वाटलेली नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. माझा नवरा श्रीकांत इथल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून आला होता आणि मी त्याच्या पासपोर्टाला धरून आले होते. पुण्यात मी फ्रेंच शिकवत असे. इथे फ्रेंच कोणाला हवं होतं! दोन वर्षं मी वॉर्ड ऑफिसच्या वर्गात जपानी घोकलं, टोफूचे प्रकार पाठ केले, आमच्यासारख्याच नवऱ्यांमागे आलेल्या बायकांच्या चहापार्ट्यांना गेले. तिथे दर वेळी हिंग कुठे मिळतो यावर दीड तास चर्चा व्हायची. मी त्या बायकांना मनातून तुच्छ लेखत असे. त्या निदान हिंगाबद्दल खरं बोलायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

मग एक दिवस संस्थेतल्या कोणाच्या तरी ओळखीने फोन आला. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीला फ्रेंच दुभाषी हवी होती. कंपनीचा महिलांचा बास्केटबॉल संघ होता आणि त्याला प्रशिक्षक म्हणून त्यांनी फ्रान्सहून एक बाई आणली होती. बाईला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. ती आल्यावर आठ दिवसांनी हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं.

"पंपवाल्यांना फ्रेंच बाई कशाला लागते?" श्रीकांतने विचारलं.

याचं उत्तर मला पहिल्याच दिवशी मिळालं. संघाचे व्यवस्थापक कुरोसे-सान कंपनीत विभागप्रमुख होते. त्यांना 'सान' आणि आदरार्थी बहुवचन मी अजूनही देते. द्यायला दुसरं काही नाही. त्यांनी मला कंपनीची नवी चकचकीत पुस्तिका दाखवली. मुखपृष्ठावर पंपाशेजारी ती फ्रेंच प्रशिक्षक, ओदिल, उभी होती. पंप तिच्यापेक्षा बुटका होता. कुरोसे-सान म्हणाले, "आंतरराष्ट्रीय!" आणि माझं जोशी हे आडनाव ऐकून पोट धरून हसले. जपानीत 'जोशी' म्हणजे महिला. महिला संघाला महिला-सान दुभाषी! हा विनोद त्यांनी त्या मोसमात मला भेटतील तितक्या वेळा केला, आणि मी तितक्या वेळा हसले.

ओदिल तेव्हा पन्नाशीची होती. सहा फुटांच्या वर उंची, आखूड करडे केस, डाव्या गुडघ्यावर तीन जुने व्रण. जपानी कॉफी, जपानी पाव, जपानी पुरुष आणि मी, या सगळ्यांविषयी तिला सारखाच तिरस्कार होता, आणि तो ती लपवत नसे. "तू पुस्तकातलं फ्रेंच बोलतेस," पहिल्या भेटीत ती मला म्हणाली. "इस्त्री केल्यासारखं. बघू, घाम आल्यावर काय होतं ते."

सराव चारला सुरू व्हायचा. त्याआधी मी आणि ती जिमच्या मागच्या लोखंडी जिन्यावर बसायचो, ती सिगारेट ओढायची आणि अधूनमधून स्वतःबद्दल काही सांगायची. सलग कधीच नाही. उत्तर फ्रान्समधलं कोळशाच्या खाणीचं गाव. बाप खाणीत. बाराव्या वर्षी ती वर्गशिक्षकापेक्षा उंच झाली आणि आई तिला फोटोत खुर्चीवर बसवू लागली. चर्चच्या मागच्या अंगणात पाद्र्याने कोळशाच्या कोठाराच्या भिंतीला एक कडं ठोकलं होतं. पावसात चेंडू काळा व्हायचा, हात काळे, कपाळ काळं. "तिथे पहिल्यांदा कोणी मला 'वाक' म्हटलं नाही. 'हात वर कर' म्हणाले."

एवढ्यावर तिचं आयुष्य ठरलं. अठराव्या वर्षी ती मोठ्या क्लबात गेली, विशीत देशासाठी खेळली. दिवसा पोस्टात पत्रं वेगळी करायची आणि संध्याकाळी खेळायची. देशाचा पोशाख धुवायला घरी न्यायचा आणि परत आणून द्यायचा, कारण तो पुढच्या मुलीला लागायचा. गुडघा तीनदा गेला. तिसऱ्या वेळी तिच्या प्रशिक्षकाने तिला सुई टोचून खेळवलं होतं, सामना जिंकला होता आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव चुकीचं लिहून फुलं पाठवली होती. "फुलं मी सशाला घातली," ओदिल म्हणाली.

मग ती स्वतः प्रशिक्षक झाली. गावच्या मुलींचा एक संघ तिने खालच्या गटातून वरच्या गटात आणला, आणि वर आल्यावर क्लबने तिच्या जागी एक पुरुष नेमला. वरचा गट म्हणजे गंभीर काम, असं तिला सांगण्यात आलं. त्या गंभीर पुरुषाने तो संघ पुन्हा खाली नेऊन ठेवला. हे सांगताना मात्र ती मनापासून हसली.

ती बढाईखोरही होती. दर गोष्टीत ती एकटी शहाणी आणि बाकी सगळे गाढव. पण जिममध्ये शिरली की बढाई बाहेरच राहायची. आमच्या संघातल्या मुली दुपारपर्यंत कंपनीत फायली लावायच्या, पाहुण्यांना चहा द्यायच्या आणि मग खेळायला यायच्या. चेंडू हुकला की त्यांच्या तोंडून 'माफ करा' निघायचं. हुकला नाही तरी निघायचं. चौथ्या दिवशी ओदिलने शिट्टी मारली.

"यांना सांग, आजपासून जी माफी मागेल ती कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा पळेल."

मी सांगितलं. मुली एकसुरात म्हणाल्या, "माफ करा!" आणि सगळ्याच्या सगळ्या पळायला लागल्या. ओदिलने कपाळाला हात लावला.

त्या मुलींमध्ये एक मियुकी होती. वीस वर्षांची, संघात सगळ्यात उंच, आणि खांदे असे पडलेले की जणू घरात कोणाला तरी तिने मारलंय. दारातून जाताना, दार कितीही उंच असलं तरी, ती वाकायची. ओदिलने तिला कोर्टाच्या मधोमध उभं केलं, दोन्ही खांदे धरून मागे ओढले आणि मला म्हणाली, "हिला सांग, तू उंच आहेस, गुन्हेगार नाहीस."

हे वाक्य मी चांगलं सांगितलं. त्यात कोणाला काही टोचणारं नव्हतं ना! असली वाक्यं मला छान जमायची. मियुकी रडली, आणि नोव्हेंबरपर्यंत ती दारातून सरळ जायला लागली. एकदा चौकटीवर आपटलीसुद्धा. त्या दिवशी संघ पहिल्यांदा मोठ्याने हसला आणि कोणी माफी मागितली नाही.

तो मोसम बरा चालला होता. आम्ही जिंकत होतो. मीही 'आम्ही' म्हणायला लागले होते, हा माझा आणखी एक आगाऊपणा. कंपनीची हवा मात्र बदलली होती. जिन्यातले दिवे एकाआड एक बंद केले होते, पुस्तिका पुन्हा छापली नव्हती. काय ठरतंय ते कुरोसे-सानना ठाऊक होतं, पण ते माणूस होते की लिफाफा, हे मला कधी कळलं नाही. वरून येईल ते आत घ्यायचं, खाली द्यायचं, चेहरा चिकटवलेला.

डिसेंबरच्या सुरुवातीला मियुकीचा उजवा गुडघा सुजला. ओदिलने तो दोन्ही हातांनी चाचपून पाहिला, तिचा चेहरा उतरला आणि तिने तीन आठवडे खेळ बंद सांगितला. त्याच आठवड्यात कंपनीचे अध्यक्ष संघाचा खेळ पाहायला येणार होते. सरावाचाच सामना, पण अध्यक्षांसमोर. नेमकं त्या दोन दिवसांत ओदिलला प्रशिक्षकांच्या एका वर्गासाठी कोबेला जायचं होतं.

मंगळवारी कुरोसे-साननी आम्हाला बोलावलं. चहा आला. तो मियुकीनेच आणला, लंगडत. ती गेल्यावर ते म्हणाले, "अध्यक्षांना उंच मुलगी बघायची आहे. दहा मिनिटं खेळली तरी पुरे."

मी ते ओदिलला सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"याला सांग, त्या पोरीचा गुडघा म्हाताऱ्याच्या करमणुकीसाठी नाही. ती खेळणार नाही. दहा मिनिटं नाही, एक मिनिटही नाही. याला एवढीच हौस असेल तर याने स्वतःच्या जाड्या गुडघ्यांवर उड्या माराव्यात."

कुरोसे-सान माझ्याकडे पाहत होते. हसतमुख. मला घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचे आवाज ऐकू आले: असं नाही बोलू चारचौघांत. गोड बोलावं. दुखावू नये कोणाला. आदल्या रविवारीच श्रीकांत म्हणाला होता, "भांडणाच्या मधे तू कशाला पडतेस? जरा मऊ करून सांगत जा. तुझं काय जातंय?"

मी मऊ केलं. म्हणाले, "प्रशिक्षकांना मुलीच्या गुडघ्याची थोडी काळजी वाटते. तरी आपल्या विनंतीचा त्या जरूर विचार करतील."

जपानीत 'विचार करू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. हे मला माहीत होतं, आणि या पळवाटेवर मी खूश होते. पण परदेशी बाईने 'विचार करू' म्हटलं तर ते 'हो'सुद्धा होऊ शकतं, ज्याला हवं असेल त्याला. कुरोसे-साननी वाकून आभार मानले. ओदिलने मला विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणाले, "आभार मानतायत, समजून घेतल्याबद्दल." तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती कोबेच्या गाडीसाठी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मियुकी मला कपडे बदलायच्या खोलीबाहेर भेटली. अंगात खेळायचा पोशाख.

"जोशी-सान, कुरोसे-सान म्हणतात, कांतोकु हो म्हणाल्या." प्रशिक्षकाला मुली 'कांतोकु' म्हणत. "खरंच हो म्हणाल्या का?"

एवढंच विचारलं तिने. 'नाही' म्हणायला कुठल्याच भाषेत वेळ लागत नाही. मला तिन्ही भाषांत येत होतं. आत अध्यक्षांसाठी खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि कुरोसे-सान दारातून माझ्याकडे बघत होते.

"विचार करते म्हणाल्या," मी म्हटलं.

मियुकी वाकली, आभार मानले आणि आत गेली. तिने साताठ मिनिटं सुंदर खेळ केला. मग रिंगखाली उडी मारून ती खाली आली, आणि ओली काठी मोडल्यासारखा आवाज मी भिंतीशी उभी असून ऐकला. ती ओरडली नाही. जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाली, "माफ करा."

ओदिल दुसऱ्या संध्याकाळी परतली. इस्पितळाच्या दारातच तिने विचारलं, "तू त्याला काय सांगितलं होतंस?"

"तुम्ही म्हणालात तेच," मी म्हणाले.

चार दिवसांनी बैठक झाली. कुरोसे-साननी टाइप केलेला अहवाल पुढे सरकवला: प्रशिक्षकांच्या संमतीने खेळाडूस मैदानात उतरवण्यात आले. खाली ओदिलच्या सहीची जागा. मला तो ओदिलला फ्रेंचमध्ये वाचून दाखवायला सांगितलं. आता मऊ करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी वाचलं.

ओदिलने तो कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "माझं मंगळवारचं वाक्य त्याला आत्ता सांग. आहे तसं."

मी सांगितलं. पण माझ्या जपानी पुस्तकात शिव्यांचा धडा नव्हता. मला येत होती ती फक्त वॉर्ड ऑफिसमध्ये शिकलेली सभ्य जपानी, आणि त्या जपानीत ते वाक्य असं काहीतरी झालं की आपले आदरणीय गुडघे जरा स्थूल आहेत, तरी उडी मारण्याची कृपा आपणच करावी. कुरोसे-साननी मान हलवली. "अच्छा, असं होतं तर! मंगळवारी वेगळं कळवण्यात आलं होतं. खेद वाटतो. पण अहवाल टाइप झालेला आहे."

ओदिलने सही केली नाही. तिच्या सहीविनाच तो अहवाल सगळीकडे गेला, मियुकीच्या आईवडिलांकडेही. फेब्रुवारीत कंपनीने संघच बंद केला. ते म्हणे उन्हाळ्यातच ठरलं होतं. कारण म्हणून मात्र दुर्घटनेचं नाव घेण्यात आलं आणि परदेशी पद्धती जपानी मुलींना मानवत नाहीत असं कोणीतरी गंभीरपणे म्हणालं. कुरोसे-सान पंपांच्या निर्यातीकडे गेले. माझा त्यांच्यावर राग नाही. लिफाफ्यावर कोण रागावतं?

मायदेशी परतेपर्यंत ओदिल रोज दुपारी इस्पितळात जायची. पहिल्या दिवशी मी बरोबर निघाले, तर खोलीच्या दाराशी तिने हात आडवा धरला. "तुझी गरज नाही." बाहेरून मला दिसलं, ती मियुकीच्या खाटेशी बसली, मियुकीचा पाय मांडीवर घेतला आणि फ्रेंचमध्ये सावकाश काहीतरी बोलू लागली. मियुकीला त्यातला शब्दही कळत नव्हता. ती ऐकत होती.

त्यानंतर ओदिल मला भेटली नाही. मी तिला पत्र लिहिलं नाही. श्रीकांतला इथेच कायमची नोकरी लागली, मुलगी झाली, ती माझ्या मराठीला जपानीत उत्तरं देत मोठी झाली, आणि मी फ्रेंच सोडून दिलं. कोणी विचारलं तर सांगते, सराव राहिला नाही.

गेल्या रविवारी मियुकी घरी आली. आधी फोन केला होता. पन्नाशीची, सरळ पाठीची, किंचित लंगडणारी. ती इथून चार स्टेशनं पलीकडे एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. मी चहा ठेवला. तिने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"कांतोकु या वसंतात गेल्या. त्यांच्या भाचीने कळवलं. शेवटपर्यंत गावातल्या मुलींना शिकवत होत्या. दर वर्षी मोसम सुरू झाला की त्या मला फ्रेंचमध्ये पत्र लिहायच्या. मी जपानीत उत्तर द्यायचे."

"आणि वाचून कोण दाखवायचं?"

"कोणी नाही. कोणी मधे नकोच होतं आम्हाला. पण आता त्या नाहीत, तर काय लिहिलं होतं ते कळावंसं वाटतं. फोनवर शेवटच्या पत्राच्या चार ओळींचं भाषांतर करून पाहिलं. फोन फार सभ्य बोलतो." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कांतोकुंना ऐकलंय. त्या कशा बोलायच्या ते तुम्हाला माहीत आहे."

मी सगळ्यात जुनं पत्र उघडलं. ओदिलचं अक्षर मोठं, उभं. पहिलं पान हवेबद्दल, गुडघ्याच्या व्यायामाबद्दल. ते मी वाचत गेले. पान उलटलं आणि थांबले.

मियुकी वाट बघत होती. तिला फ्रेंच येत नव्हतं. मी ते पान हवेबद्दलच पुढे चालू ठेवू शकले असते. माझ्यासारखीला काय कठीण होतं! वाक्य जिभेवर तयारसुद्धा झालं होतं, मऊ, गोल, कोणाला न दुखावणारं.

मी वाचलं. "'तू खेळू नयेस असं मी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. तुझा गुडघा त्या माणसाने मोडला नाही, माझ्या दुभाषीने मोडला. ती चांगल्या घरातली आहे, आणि चांगल्या घरातली माणसं आवाज न करता मोडतात. मला तिच्या आवाजावरून शंका आली होती, तरी मी गाडीत बसले. एवढा दोष माझा.'"

चहा उतू जाऊन गॅस विझल्याचं मला नंतर कळलं.

"म्हणजे कांतोकु हो म्हणाल्याच नव्हत्या?" मियुकीने विचारलं.

"नाही."

"मी तुम्हाला विचारलं होतं. खोलीच्या बाहेर."

"हो. विचारलं होतंस."

ती पत्राकडे बघत राहिली, वाचता येत असल्यासारखी. मग अगदी हळू म्हणाली, "इस्पितळात त्या रोज यायच्या, तेव्हा मला वाटायचं, पश्चात्ताप होतोय म्हणून येतात. मी मनात म्हणायचे, जाऊ दे, केलं मी माफ. दर पत्रात लिहायचे तसं. 'मी तुम्हाला माफ केलंय.' तीस वर्षं लिहिलं." तिने गठ्ठ्यावर हात ठेवला. "त्यांनी कोणाकडून वाचून घेतलं असेल का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. हे खरं होतं.

तिने रुमालाने डोळे पुसले, पाठ सरळ केली आणि दुसरं पत्र माझ्याकडे सरकवलं.

"वाचा," ती म्हणाली. "आहे तसं."